चार डिग्री पुढे

थोरल्याने मेकॅनिकचा डावा हात टेबलावरच्या लोखंडी वाइसच्या जबड्यात घातला आणि दांडा एक फेरा आवळला.

"आता बोल. माझा भाऊ कसा मेला?"

आत येतानाच त्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं होतं. लेथवर काम करत असलेली मेकॅनिकची मुलगी मध्ये पडायला धावली, तेव्हा त्याने तिला एका हाताने असं भिरकावलं की ती टायरांच्या चळतीवर जाऊन आदळली. तिचा ओठ फुटला.

धाकटा शर्यतीत मोटारसायकल पळवायचा. पेट्रोलचं इंजिन इथेनॉलवर चालवायचं खूळ त्याचंच. मेकॅनिक आणि त्याच्या मुलीने दोन महिने खपून ते त्याला करून दिलं. नऊ दिवसांपूर्वी चौथ्या फेरीत पिस्टनला भोक पडलं, इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि धाकटा भिंतीवर आपटला. थोरला तिथेच कठड्यापाशी उभा होता. हेल्मेट त्यानेच काढलं. काढायला नको होतं.

"इंजिन जाम झालं," मेकॅनिक म्हणाला.

"ते मी पाहिलं. का झालं?"

थोरल्याने दांडा आणखी अर्धा फेरा फिरवला. करंगळी मोडल्याचा आवाज मुलीपर्यंत गेला.

"माझी चूक झाली." मेकॅनिकच्या कपाळावरून घाम टेबलावर टपकत होता. "टायमिंग चुकलं. प्लगची ठिणगी कधी पडायची ते बसवावं लागतं. इथेनॉलला ती जरा आधी लागते. मी चार डिग्री जास्तच पुढे, म्हणजे फारच आधी घेतली. पिस्टन तापून वितळला."

"बाबा!" मुलगी ओरडली. "टायमिंग तर आपण दोघांनी..."

"तोंड बंद ठेव!"

आयुष्यात तो तिच्यावर असा खेकसला नव्हता. थोरलाही क्षणभर थबकला. मग त्याने भिंतीवरचा मोठा पाना काढला आणि हातात तोलला.

"आणि जेट?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "कार्बोरेटरमधून इंधन सोडतो तो जेट. त्याच्यामुळे नाही ना झालं?"

"जेटचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"जेट कुठलाही असता तरी हेच झालं असतं. टायमिंग माझं होतं. चूक माझी."

"पोरीची शपथ घे."

मेकॅनिकने मुलीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"तिची शपथ," तो म्हणाला.

मग पाना खाली आला. आधी खांद्यावर, मग बरगड्यांवर, मग गुडघ्यावर. हात वाइसमध्ये अडकल्यामुळे मेकॅनिकला खालीही पडता येईना. मारता मारता थोरला हमसून हमसून रडत होता. "एकोणीस वर्षांचा होता रे! अजून मिशीसुद्धा धड आली नव्हती त्याला!"

दम संपला तेव्हा त्याने पाना फेकला आणि स्वतःच वाइस सैल केला. मेकॅनिक टेबलाच्या पायाशी घसरला.

"पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावलास तर दुसराही मोडीन."

शटर अर्धं वर गेलं. भर दुपारचं ऊन आत आलं आणि थोरला बाही डोळ्यांना लावत निघून गेला.

मुलीने फडकं फाडून बापाचा हात बांधायला घेतला.

"खोटी शपथ घेतलीत. तीही माझी. इथेनॉल दीडपट लागतं म्हणून जेट मी मोठा करून दिला होता. मोडक्या गाडीत निघाला तो जुना, पेट्रोलचा. त्यातून इंधन पुरलं नाही, म्हणून पिस्टन वितळला. ट्रॅकवर कुणीतरी जेट बदलला, बाबा! मी पोलिसांत जाते."

"कुठेही जायचं नाही."

"का? ज्याने मारलं त्याला मोकळं सोडायचं?"

शटरखालून वाकून एक बाई आत आली. त्या दोघा भावांची आई. थोरला इकडे आल्याचं कळून धावत आल्यामुळे तिला धड बोलताही येत नव्हतं.

"या, बघा," मुलगी म्हणाली. "तुमच्या लेकाने काय केलंय ते बघा."

बाई जमिनीवरच बसली. मेकॅनिकचा हात तिने हलकेच मांडीवर घेतला.

"सांगितलं नाहीत ना?"

मेकॅनिकने मान हलवली. नाही.

"काय सांगायचं होतं?" मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली.

"तुझ्या बाबांनी इंजिन उघडलं आणि मला येऊन विचारलं, जेट कुणी बदलला. कुणाला सांगू नका म्हणून मी पाय धरले यांचे." बाईने पदराने तोंड पुसलं. "त्या दिवशी सकाळी गारठ्यात गाडी सुरूच होईना. नुसती खोकायची. इंधन जास्त होतंय म्हणाला आणि माझ्या डोळ्यांदेखत जेट बदलला. धाकट्याची पाठ थोपटून म्हणाला, आता बघ कशी पळते."

"कोण म्हणाला?"

"पोरी, मला दोन होते. एक गेला," बाई म्हणाली. "दुसरा आत्ता रडत तुमच्या दारातून बाहेर पडला."