साथीचा माईक

बायको गेल्याचा फोन त्यांना तालमीतच आला आणि त्या दिवसापासून घरचा बँड गप्प झाला. शेवटी मेहुण्याने सगळ्यांना गोळा करून बहिणीची कामं वाटून दिली. गाणं लेकीकडे आलं, गाण्यांचा क्रम लावणं गिटारवाल्याकडे. ते स्वतः नेहमीसारखे मागे साथीला उभे राहिले आणि जीव ओतून गायले. स्पीकरमधला आवाज ऐकून मात्र दचकलेच.

“हा बेसूर कोण रे?”

“तुम्हीच, भावोजी. गाणं सुरू व्हायच्या आधी ताई गुपचूप तुमचा माईक बंद करायची.”

“इतकी वर्षं? मग आता ते कोण करणार?”

सगळे खाली मान घालून आपापली वाद्यं जुळवू लागले.

 

ते काम अजून कुणीच घेतलेलं नाही.