आधी आपण खायचं

टक्कन आवाज झाला आणि लाडवांचं पहिलं पाकीट सील झालं. शेजारी झोपलेल्या माझ्या लेकीने, रेवाने फक्त कूस बदलली. मोठ्या दुकानाची ही माझी पहिलीच ऑर्डर.

धंद्याचं वेड लावलं मी शाळेत असतानाच्या उद्योग मंडळाने. ते चालवणाऱ्या देवस्थळीबाईंचा नियमच होता, आपला माल आधी आपण खायचा, मग विकायचा. मी एक लाडू फोडून तोंडात टाकला. बेसन किंचित करपलं होतं.

"कुणाला कळतंय एवढं? दे पाठवून," सासूबाई म्हणाल्या.

"मला कळलं ना, आई."

दुकानदाराला फोन करून उद्या देते म्हटलं.

"उद्याचं उद्या बघू, ताई," म्हणत त्याने फोन ठेवला.

पाकीट फाडलं, कढई पुन्हा चढवली, आच मंद ठेवली. बोलण्याने जागी झालेली रेवा येऊन बिलगली.

"आई, दुकानवाल्या काकांनी उद्या लाडू घेतलेच नाहीत तर?"