बेटावरची आमटी

कणीक निम्मी मळून झाली होती, तेवढ्यात टूर मॅनेजर कागदांचा गठ्ठा घेऊन हॉटेलच्या स्वयंपाकघरात आला. "मावशी, अंदमानात सर्वांत जास्त काय आवडलं, ते पाहुण्यांनी लिहून दिलंय. ऐका."

निळं पाणी, पांढरी वाळू असणार. निदान ऐकून तरी घेऊ, म्हणून मी हात थांबवले. आपल्या माणसांना घरचं जेवण मिळावं म्हणून कंपनीने मला इथे अकरा वेळा आणलं. समुद्र दाराबाहेरच आहे, पण चाळीस जणांच्या पोळ्यांपायी माझे पाय एकदाही ओले झाले नाहीत.

"कुंदामावशींची आमटी," तो वाचत होता. "मऊ पोळ्या. परत आमटी." समुद्र दोघांनीच लिहिला होता. "पुढच्या टूरलाही तुम्हीच हं, मावशी."

एवढ्या लांब येऊन आमटी. मी कणीक झाकली, माखलेल्या हातांनीच बाहेर पडले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. पाणी कोमट होतं. दुखऱ्या पायांखालची वाळू हळूहळू सरकत होती.

मागून त्याने हाक मारली, "मावशी, पोळ्या?"

मी वळले नाही. "आज भात खा म्हणावं."