रोजची नोंद

"पोहे खारट झालेत," शुभदा म्हणाली आणि सुरेंद्ररावांना रडूच आलं.

आठ महिन्यांत तिनं कशाला नावं ठेवली नव्हती. खारट, अळणी, करपलेलं, पुढ्यात येईल त्यातले दोन घास गिळायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटी शेवटी एकेक दिवस तेही टाळायची.

त्यांनी डोळे पुसले, वही ओढली आणि लिहिलं : 'स. ८.१०. पोहे. तक्रार केली.'

चाकणच्या कारखान्यात सुरेंद्रराव तीस वर्षं माल तपासायचे. कागदावर नाही ते झालंच नाही, हा त्यांचा कायदा. डास चावला तर साहेब आधी वेळ टिपतात, मग खाजवतात, असं कुरुळीहून कामाला येणारे कामगार शपथेवर सांगत. एकदा भूकंपाचा धक्का बसला, तर नोंद पुरी होईपर्यंत दुसरा धक्का गेटवर थांबून राहिला म्हणे.

शुभदाला विजेचे झटके द्यायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "भूल देऊन करतो, त्यांना कळणारही नाही. या वयात पुष्कळदा गोळ्यांपेक्षा हे लवकर लागू पडतं. मात्र उपचाराच्या आसपासचे आठवडे पुसट होतात. काही परत येतं, काही नाही. जुनं बहुधा राहतं. रोजची नोंद ठेवा, मीही वाचेन आणि नंतर त्यांना दाखवता येईल."

नोंद म्हटल्यावर सुरेंद्ररावांनी त्याच दिवशी दोनशे पानी वही घेतली.

आठ झटके झाले. पहिल्यानंतर तिनं त्यांनाच विचारलं, "आपण कोण?" पाचव्यानंतर वेणी घातली. आणि आज चऱ्होलीच्या घरात पोहे खारट झाले.

शुभदानं बशी सरकवली. "अहो, माझा फोन कुठाय?"

"कशाला?"

"अनुयाचा नंबर बघायचाय. तुम्ही बंद केला होतात ना, तो."

सुरेंद्ररावांचं पेन थांबलं.

अनुया त्यांची एकुलती मुलगी. तिनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी बायकोच्या फोनवर तिचा नंबर गुपचूप बंद करून टाकला होता. पोर आईची वाट पाहत बाळंतपणात गेली. पुढे शुभदाला फोनमध्ये अडवलेल्या कॉलची यादी सापडली. शेवटच्या एका दिवसात अनुयाचे अकरा. त्या दिवशी ती भिंतीकडे वळली.

"अगं, ते आपलं बोलून झालंय," सुरेंद्रराव घाईनं म्हणाले. "तू माफ केलंस मला. पहिल्या झटक्याच्या आदल्या संध्याकाळी. माझा हात धरलास. म्हणालीस, 'जाऊ द्या. केलं माफ.'"

खरंच म्हणाली होती. त्या रात्री ते कित्येक महिन्यांत पहिल्यांदा घोरले होते.

"मी?" शुभदा त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. आता त्या डोळ्यांत गुंगी नव्हती. भाजीवाल्यानं मारलेला काटा लांबून पकडणारे तिचे जुने डोळे परत आले होते. "मला नाही आठवत. कागदावर आहे?"

त्या संध्याकाळी त्यांनी पेन उचललं होतं. पण 'माफ केलं' असं लिहायचं, तर कशाबद्दल तेही लिहावं लागणार होतं. आणि वही डॉक्टरीणबाई वाचणार होत्या.

शुभदानं वही ओढून घेतली. पानं मागे मागे उलटली. त्या संध्याकाळच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "'सायं. ७.३०. दहीभात, दोन घास. बोलणं : विशेष काही नाही.'"

तिनं वही फिरवून त्यांच्यासमोर धरली.

"अक्षर तुमचंच ना?"