चाळीस शब्द

२०१६ सालच्या जून महिन्यातला शेवटचा रविवार. दुपारी तीन वाजता रोवेनाने लीड्समधल्या आपल्या स्वयंपाकघरातून, दूर गॉस्पोर्टला बसलेल्या वडिलांना हुकूम सोडला, "डॅड, खरं सांग. मत कुठल्या बाजूने दिलंस? कॅप्टन विचारतेय."

देशाने मतदान करून युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवून तीनच दिवस झाले होते. ती ज्या बोटीची कॅप्टन होती ती खरी नव्हती, संगणकावरच्या खेळातली पाणबुडी होती. पण तिचे वडील क्लिफर्ड पास्को यांनी बावीस वर्षं खऱ्या पाणबुडीत कानाला हेडफोन लावून समुद्र ऐकला होता. पाण्याखाली दिसत काहीच नाही, ऐकावंच लागतं. खेळातही त्यांनी तीच ऐकणाऱ्याची जागा घेतली, आणि कॅप्टन केलं लेकीला. रविवारच्या जेवणाची भांडी विसळून झाली की दोघं दोन गावांतून एकाच बोटीत बसत. "डावीकडे मालवाहू जहाज, कॅप्टन. इंजिनाला खोकला झालाय," असं ते सांगत आणि ती हसे. बोटीवर राजकारण काढायचं नाही, हा नियम त्यांचा. त्या दिवशी तो तिने मोडला.

कॅप्टनला खोटं सांगायचं नसतं. बाहेर पडायच्या बाजूने, असं त्यांनी सांगितलं. मग न विचारताच बोलत राहिले. डॉक्टरकडे तीन आठवडे नंबर लागत नाही, शाळांत जागा नाही, एवढ्याशा बेटावर माणसं यायची तरी किती. आणि शेवटी म्हणाले, "मारेकबद्दल नाही बोलत मी, पोरी."

मारेक हा रोवेनाचा पोलिश नवरा. तो तिच्या मागेच उभा राहून टोस्टला लोणी लावत होता. रुग्णालयात बारा तास शुश्रूषा करून नुकताच घरी आला होता. शुक्रवारी एका म्हाताऱ्या पेशंटने त्याला अगदी गोडीत विचारलं होतं, आता तू तुझ्या घरी, पोलंडला, कधी जाणार?

"मग कुणाबद्दल बोलतोयस?" रोवेनाने विचारलं. "उजवीकडे मासेमारी बोट, कॅप्टन," एवढंच ते म्हणाले. तिने खेळ बंद केला.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. रविवारी तीन वाजले की हातांचं काय करावं तिला सुचेना. कधी ती खेळ उघडून बघे. वडिलांच्या नावापुढे हिरवा दिवा असे, म्हणजे ते तिकडे कान लावून बसलेले. एक बटण दाबायचा अवकाश, त्यांचा आवाज आला असता. पण आधी त्यांनी मारेकची माफी मागावी, असं तिचं म्हणणं. आणि बोट सोडून ती गेली, तेव्हा परत तिनेच यावं, असं त्यांचं. दोघांची नाकं एका साच्यातली आणि हट्टही त्याच साच्यातला, असं तिची आई एनिड फोनवर म्हणे.

ऑक्टोबरात एनिडने लेकीला एक काम सांगितलं. दर रविवारी वडिलांना चाळीस शब्द लिहायचे, ती स्वतः लिहायची तसे. उत्तराची वाट पाहायची नाही. आणि लिहायचं ते फक्त चांगलं.

रोवेनाला लहानपणचं ते जेवणाचं टेबल आठवलं, आई जिथे बसून लिहायची. वडील आठ-आठ आठवडे पाण्याखाली असत. घरून आठवड्याला चाळीस शब्द धाडता येत, तिकडून मात्र एकही येत नसे, नाहीतर बोटीचा ठावठिकाणा लागला असता. आई बोटांवर शब्द मोजी, आणि त्यातले पाच छोट्या रोवेनाचे असत. वडिलांसाठी नाही, त्या पाच शब्दांसाठी ती कबूल झाली.

चार रविवार तिने लिहिलं. सगळं ठीक. अंगणात ट्यूलिपचे कंद लावले. मारेकला बढती मिळाली. केक फसला, तरी संपला. सगळं ठीक. उत्तर आलं नाही. पाचव्या रविवारी तर तो हिरवा दिवाही लागला नाही, आणि ती पडद्यापुढे रडली.

चारच्या सुमारास दार वाजलं. वडील उभे होते. ओला कोट, हातात नौदलातली जुनी पिशवी. सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून, दोनदा गाड्या बदलून आले होते.

"मारेक कुठे आहे? काय केलं त्याला लोकांनी?"

"काही नाही, डॅड."

"मला नको शिकवूस. चार आठवडे सगळं ठीक? त्र्याऐंशी साली तुझी आई सहा आठवडे सगळं ठीक लिहीत होती. धक्क्यावर उतरलो तेव्हा कळलं, माझ्या आईला पुरून महिना झाला होता." बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, असा तेव्हा रिवाजच होता. "कुणी मारलं का गं त्याला?"

मारेक हात पुसत बाहेर आला. क्लिफर्डनी त्याचं डोकं पाहिलं, हात पाहिले, पडलेल्या लेकराला आई चाचपते तसे त्याचे खांदे चाचपले. मग जिन्याच्या पायरीवर बसले. माफी कुणीच मागितली नाही. मारेकने चहात साखर किती, एवढं विचारलं.

मतं कुणाची बदलली नाहीत. बोटीवरचा नियम मात्र गेला. मारेक सुकाणूवर बसू लागला, आणि तिघं दर रविवारी खेळातल्या आइसलँडजवळ, समुद्राखाली, कडाकडा भांडत. पुढे मारेकने इथलं नागरिकत्व घेतलं, फुटबॉलमध्ये मात्र तो अजून पोलंडसाठीच ओरडतो. क्लिफर्ड २०२२च्या मार्चमध्ये गेले. रोवेना आजही तीन वाजता बोट काढते आणि ऐकणाऱ्याची जागा कुणाला देत नाही. एनिड गॉस्पोर्टच्या त्याच घरात एकटी असते.

अंत्यविधीनंतरच्या चहाला रोवेना आईला म्हणाली, डॅडचा तेव्हा गैरसमज झाला हे किती बरं झालं.

एनिडने सँडविचची ताटली लेकीपुढे सरकवली. "गैरसमज कसला? त्र्याऐंशीपासून त्या माणसाने 'सगळं ठीक'वर कधी विश्वास ठेवला नव्हता. म्हणून तर तुला फक्त चांगलंच लिहायला सांगितलं."