मधी लाल

बेलारूसहून कोल्हापुरात चित्रकला शिकायला आलेल्या अलेस्यानं गच्चीवरची दोरी पाहिली. पांढरा पंचा, लाल लंगोट, पुन्हा पांढरा पंचा. तिनं ते ओले कपडे ओढून बादलीत कोंबले. “का गं, आमच्या पैलवानाच्या लंगोटानं तुझं काय घोडं मारलं?” घरमालकीण हिराक्का जिन्यातूनच ओरडली. “पोलीस येतील,” अलेस्या मोडक्या मराठीत म्हणाली. मग तिनं सांगितलं: तिकडे बेलारूसमध्ये सरकारला नकोशा झेंड्याचे पट्टे हेच, पांढरा, लाल, पांढरा. त्या रंगांचे कपडे बाल्कनीत वाळत घातले म्हणून मैत्रिणीला पोलिसांनी उचललं होतं. “सुटली का पोरगी?” “सुटली.” तेव्हा हिराक्का पोट धरून हसली. “लंगोटाला भिणारं सरकार कुस्ती काय खेळणार? घाल वाळत. मधी लालच.” अलेस्यानं कपडे टांगले, देश सोडल्यापासून न उघडलेली लाल ट्यूब उघडली आणि तोच झेंडा रंगवला. हिराक्कानं चित्र न्याहाळलं. “लंगोट झ्याक काढलाईस. नाडी तेवढी राहिली की.”