बोकडाच्या डोक्यावर कुणाचा हात

“येशूनं एकदाच सगळ्यांसाठी जीव दिला, तर आमच्या बोकडाचा जीव कशाला पाहिजे, पाळकसाहेब?”

नेत्रावतीनं विचारूनच टाकलं. नववीतली पोरगी भर प्रार्थनेत तोंड उघडत नसती, अशी तिच्या मैत्रिणीनं, पंचशीलानं, पैज लावली होती. आता पंचशीलाच ओढणीत तोंड खुपसून बसली. हळ्ळीखेडच्या त्या छोट्या चर्चमधली म्हातारी माणसं मागं वळून बघू लागली. नेत्रावतीला मजा वाटली. अलीकडं तिला कशाचंच भ्या वाटत नव्हतं.

बोकड तिच्याच नावचा होता. पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला तेव्हा तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, राजूबाईनं, नवस बोलला. पोरगी उठली तर कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात बोकड कापू, सगळ्यांना जेवू घालू. घराला कुणाच्या तरी पापाचा दोष लागलाय, रक्त सांडल्याबिगर तो फिटत नसतो, असं ती म्हणायची. येशू घरात येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. नवस काही घरातून गेला नव्हता.

पाळकसाहेब रागावले नाहीत. जुन्या काळी इस्राएली माणूस बोकड घेऊन वेदीपाशी यायचा, तेव्हा नुसतं दावं धरून उभा राहत नसे, असं त्यांनी सांगितलं. जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, आपलं पाप कबूल करायचा, मग त्याच्या जागी ते जनावर मरायचं. क्रूसावर ते मरण कायमचं होऊन गेलं. बोकडाचं काम संपलं.

“कबूल करायचं काम मात्र संपलं न्हाई,” ते म्हणाले. “ते ज्याचं त्यालाच करावं लागतंय.”

बाहेर पंचशीलानं टोमणा मारला, साहेबांना गप करायला गेलीस आन् तूच गप झालीस की गं. नेत्रावती थांबलीच नाही.

तिच्या डोळ्यांपुढं गल्लीत घरोघरी कामाला जाणारी सिद्धव्वा होती. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या वरातीत नेत्रावती घरी न सांगता नाचली आणि चांदीचं पैंजण हरवून आली. घरातच काढून ठेवलं होतं, असं तिनं ठोकून दिलं. त्या दिवशी घरी तूर निवडायला आली होती ती एकटी सिद्धव्वा. अव्वा-अप्पांनी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, तिला चोर म्हटलं. त्यानंतर सिद्धव्वा प्रार्थनेला आली नाही. गल्लीत तिला कुणी कामाला बोलावलं नाही.

घरी तिचे अप्पा, लिंगाप्पा, बोकडाला पाला टाकत होते. नेत्रावतीनं चपला न काढताच सगळं सांगितलं. अप्पांनी आधी दार लोटून घेतलं. झालं ते झालं, म्हणाले, आता उकरून काढू नको, सणाला बोकड दिला की देवापुढं मिटलं. अव्वाही म्हणाली की लोक तोंडात शेण घालतील.

नेत्रावतीनं दार उघडलं.

“बोकड कापा न्हाईतर ठेवा. पैंजण मी हरवलं, खोटं मी बोलले. ते मी आत्ताच सिद्धव्वाला सांगायला निघालेय, आन् रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढं सांगणार हाय. पण चोर म्हणालात ते तुम्ही दोघं, अप्पा. तेवढं तुमच्या जागी मला सांगता यायचं न्हाई.”